काझी मॅडमची किळस

काझी मॅडम लॅबमध्ये आल्या की लगेच खुर्चीवर बसायच्या नाहीत. उभ्या उभ्याच पर्समधून स्पिरिटची छोटी बाटली काढायच्या, कापसाचा बोळा ओला करायच्या आणि समोरच्या कीबोर्डची एकेक कळ पुसायच्या. बोळा काळा झाला की तो चिमटीत धरून आम्हाला दाखवायच्या.

"बघा. हे तुमच्या बोटांचं. ह्याच बोटांनी डबा खाता ना?"

मग "छी" म्हणायच्या. तो आवाज मोठा नसायचा. नाकाची एक बाजू वर जायची, ओठ आत ओढले जायचे आणि दातांच्या फटीतून हवा सुटावी तसा तो शब्द बाहेर पडायचा. आजही कुठे कळकट माउस हातात आला की मला आधी तो आवाज ऐकू येतो.

मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगला नंबर लागला तो नांदेडबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव घ्यावं असं ते कॉलेज नाही. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या, कुणी थुंकू नये म्हणून. लोक टाइल सोडून तिच्या शेजारी थुंकायचे. गणपतीच्या दोन्ही अंगांना गुटख्याचे लाल ओघळ सुकलेले असायचे. मॅडम त्या जिन्याच्या अगदी मधोमध चढायच्या, दुपट्टा गोळा करून, कठड्याला हात न लावता. स्टाफरूमचा चहा त्या कधी स्टाफरूमच्या कपातून प्यायल्या नाहीत. त्यांचा झाकणाचा स्टीलचा पेला पर्समध्ये असायचा.

पोरं त्यांना मागे 'फिनाईल मॅडम' म्हणायची. एकदा कुणीतरी फळ्यावरच लिहून ठेवलं. त्यांनी वाचलं, पुसलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फिनाईल फरशीला वापरतात. कीबोर्डला स्पिरिट. चिडवायचं तर अभ्यास करून चिडवा रे बाबांनो."

त्यांचे वडील जुन्या नांदेडात पुस्तकांची बांधणी करायचे. लहानपणी घरातल्या सगळ्यांची बोटं लेईने कायम चिकट असायची, तेव्हापासून आपल्याला हे हात पुसण्याचं वेड लागलं, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यांच्या घराबद्दल मला एवढंच माहीत आहे.

पण त्यांना किळस फक्त मळाची यायची असं नाही. एकमेकांचं बघून उतरवलेल्या जर्नलची त्यांना तशीच किळस यायची. त्या ती वही कोपऱ्याला धरून उचलायच्या, जणू ओली आहे. एकदा वर्गातल्या बहुतेक सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकाच ठिकाणी एकच चूक निघाली. मॅडमनी वह्यांचा गठ्ठा टेबलाच्या पार टोकाला सरकवला.

"एकाच्या उलटीतून दुसऱ्याने उचललं, दुसऱ्याच्या उलटीतून तिसऱ्याने. आणि मला म्हणता, मॅडम, तपासा. नक्को. मी नाही हात लावणार."

त्या गठ्ठ्यात माझीही वही होती, हे वेगळं सांगायला नको. पण मला त्या दिवशी राग आला नाही. आम्हाला शिकवणारे बाकीचे लोक जुन्या नोट्स वाचून दाखवायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. आमची किळस यावी इतकंही कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय त्यांच्याकडे होता. तिसऱ्या वर्षाला पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "मशीन चालू केली की कर्नेल उठतो. कर्नेल म्हणजे मशीनचा कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला कुठली जागा द्यायची ते तो ठरवतो. तर उठल्या उठल्या त्याला काय काय माहीत असतं?"

पुढच्या बेंचवरून उत्तर आलं, "सगळं, मॅडम."

"काहीच नाही. रॅम किती आहे, कुठून कुठपर्यंत आहे, मधे खड्डे कुठे आहेत, काही म्हणजे काही नाही. आणि मेमरी स्वतः बोलत नाही. मग तो काय करेल?"

मॅडमनी मला उभं केलं. मी नेहमी मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचो.

"ये इकडे. डोळे मीट. तू कर्नेल. सुनीता, तू ऊठ. तू फर्मवेअर."

सुनीता रेणापूरकडची. वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तोंडाळ. मॅडमनी तिला समजावून सांगितलं: फर्मवेअर म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचा बसवलेला छोटा प्रोग्रॅम. तो कर्नेलच्या आधी उठतो, सगळं घर फिरून बघतो. कर्नेल हाक मारतो. एका हाकेला तो जमिनीचा एक तुकडा सांगतो. कुठून सुरू, किती लांब आणि वापरायचा की हात लावायचा नाही. कर्नेल परत हाक मारतो, तो पुढचा तुकडा सांगतो. 'संपलं' म्हणेपर्यंत असंच. "जुन्या मशीनमध्ये अगदी असंच चालायचं. नव्यात सगळा नकाशा एकदम देतात. पण विचारावं दोन्हीकडे लागतं."

मी डोळे मिटून हाक मारली. सुनीता म्हणाली, "बेंचपर्यंत मोकळं हाय. बेंच राखीव."

मी परत हाक मारली.

"तिथून खिडकीपर्यंत सगळं मोकळं. चल बिनधास्त."

मी चाललो आणि मधल्या टेबलावर गुडघा आपटला. वर्ग खदखदून हसला. सुनीताही तोंडावर ओढणी धरून हसत होती. मॅडम हसल्या नाहीत.

"ह्याची चूक काय झाली?"

"विश्वास ठेवला, मॅडम," कुणीतरी म्हणालं. परत हशा.

"ती चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. जो आधी उठून बसलाय त्याने खरं सांगायला पाहिजे. बस, बेटा. लागलं का?"

मी गुडघा चोळत जागेवर जाऊन बसलो. शहरात आल्यापासून मी असाच चाललो होतो. कुठला फॉर्म, कुठली खिडकी, कुठले क्लास, जो जे सांगेल ते खरं धरून. ते कुणी असं मोठ्याने बोलून दाखवेल असं वाटलं नव्हतं.

त्या महिन्यात मॅडमनी आम्हाला हा विषय घासून घासून शिकवला. फर्मवेअरने दिलेल्या नकाशात कधी कधी दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. एक नोंद म्हणते मोकळं, दुसरी म्हणते राखीव. अशा वेळी कर्नेल जे कडक असेल तेच, म्हणजे राखीव, खरं धरतो. "दोघं दोन सांगत असतील तर कडक ते खरं," हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की पोरं कँटीनच्या बिलावरूनही तेच म्हणायला लागली. आणि मेमरीच्या अगदी सुरुवातीचा एक तुकडा, जिथे फर्मवेअर 'मोकळं आहे' म्हणतं आणि नंतर गुपचूप स्वतःच काहीबाही लिहून जातं, तो आजकालचा कर्नेल वापरतच नाही, सरळ सोडून देतो. हे सांगताना मॅडमचं नाक वर गेलं होतं. "मोकळं आहे म्हणायचं आणि मागून येऊन तिथेच थुंकायचं. आपल्या जिन्यासारखं."

आणखी एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. नव्या मशीनमध्ये कर्नेलला नकाशा देताना फर्मवेअर सोबत एक आकडा देतं. मग सगळा कारभार हाती घ्यायला कर्नेल फर्मवेअरचा निरोप घेतो तेव्हा तो आकडा दाखवावा लागतो. मधल्या वेळात नकाशा बदलला असेल तर आकडा जुळत नाही, आणि फर्मवेअर त्याला जाऊ देत नाही. पुन्हा विचार म्हणतं. "म्हणून निघायच्या आधी परत विचारायचं. एकदा निघालात की विचारायला कुणी नसतं."

शेवटच्या वर्षी लॅबला नव्या मशीन आल्या. संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याने पुरवलेल्या. अजून एकही मशीन कुणी चालू करून बघितली नव्हती, पण उद्घाटन झालं. प्रत्येक मशीनच्या डब्याला हळदकुंकू लावलं, हार घातले, विभागप्रमुख कदम सरांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी एका कीबोर्डवर उडालं. मॅडम मागे भिंतीशी उभ्या होत्या, हातात कापूस. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मॅडम त्यात नव्हत्या.

पहिल्या प्रॅक्टिकलला आम्हीच गोंधळ घातला. कागदावर आठ जीबी रॅम आणि मशीन वापरायला दाखवते त्याहून कमी. बाकीची कुणी खाल्ली? चार पोरं तावातावाने मॅडमकडे गेली, मीही त्यात होतो. "मॅडम, चोरी झालीय."

मॅडमनी आम्हाला मशीन चालू होतानाच्या नोंदी उघडून दाखवल्या. एकाखाली एक ओळी, प्रत्येकीपुढे 'युझेबल' नाहीतर 'रिझर्व्हड'.

"तुमच्यात शेतवाले किती?" त्यांनी विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. "सातबाऱ्यावर जेवढी जमीन लिहिलेली असते तेवढी सगळी पेरता का?"

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "बांध जातो. विहीर असते. ओढ्याकडचा भाग पोटखराब."

"हौ. मग इथे पण पोटखराब आहे. थोडी पडद्यावर चित्र दाखवायला, थोडी फर्मवेअरने स्वतःसाठी ठेवलेली. ही चोरी नाही." मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "चोरी वेगळी असते. ती नकाशात दिसत नाही."

हे त्या सहज बोलून गेल्या. पण थोड्याच दिवसांत तसंच झालं. मशीन चालता चालता पडायला लागल्या. कुणाचा प्रोग्रॅम मधेच मरायचा, कुणाची फाइल खराब व्हायची, कुणाचा पडदाच गोठायचा. मॅडमनी सुट्टीच्या दिवशी येऊन प्रत्येक मशीनची मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. मग एक डबा उघडून रॅमची पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावरचं चकचकीत स्टिकर नखाने सोललं. खाली दुसरं स्टिकर निघालं, जुनं, पिवळं पडलेलं. त्याच्याखाली काळा, चिकट, गोंदाचा थर. त्यांनी तो बोटांवर घासून बघितला आणि पुढचा डबा उघडला. मला वाटलं होतं 'छी' म्हणतील.

कुठल्या तरी भंगारातल्या पट्ट्या पुसून, वर नवी स्टिकरं चिकटवून बसवल्या होत्या. पट्टीत काही ठिकाणी लिहिलेलं टिकत नव्हतं. फर्मवेअरला ते कळत नव्हतं. ते बिचारं पट्टी मोजायचं आणि कर्नेलला सांगायचं, सगळं मोकळं. कर्नेल तिथे पाय टाकायचा आणि पडायचा.

मॅडम लॅबच्या इन्चार्ज होत्या. मशीन व्यवस्थित मिळाल्या, चालतात, या कागदावर त्यांची सही लागत होती. त्यांनी ती केली नाही. त्या कंत्राटावर होत्या. त्यांची ऑर्डर दर जूनमध्ये नव्याने निघायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कदम सर लॅबमध्ये आले तेव्हा आमचा सराव चालला होता. तोंडात काहीतरी होतं. बोलताना ते हनुवटी वर उचलून बोलायचे, आतलं सांडू नये म्हणून.

"मॅडम, तेवढी सही राहिली तुमची."

"मेमरी खराब आहे सर. मशीन परत पाठवा."

"परत? नारळ फुटलाय मॅडम. पेपरात फोटो आलाय."

"चालू करायच्या आधी नारळ फोडला, ती माझी चूक आहे का?"

"तुम्ही लई ताणून धरता. चालून तर राहिल्यात."

"चालत नाहीत. चालता चालता पडतात."

कदम सर कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात थुंकून आले. मग आवाज एकदम मऊ केला. "ठीक हाय. नका करू सही. पण परीक्षा घ्यायला बाहेरून लातूरचे सर येणार. मशीन पडल्या तर मार्क कुणाचे जाणार? माझे तर न्हाई. तुमचे पण न्हाई." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सुनीताच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "काय गं, कुठली तू?"

"रेणापूर, सर."

"वर्ष गेलं तर घरचे परत पाठवतील?"

सुनीता, जिचं तोंड कुणी बंद करू शकत नव्हतं, ती खाली मान घालून कीबोर्डकडे बघत राहिली. तिच्या भावांनी तिच्या लग्नासाठी ही परीक्षा होईपर्यंतच थांबायचं कबूल केलंय, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही माहीत असावं.

"बोल की."

"न्हाई सर."

"सर, तिला मधे आणू नका," मॅडम म्हणाल्या.

"मी कुठं आणलं? ती मधेच हाय."

ते गेले. खोलीत गुटख्याचा गोडसर वास राहिला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की किळस ही पोटात येते, डोक्यात नाही. मी उठून बाहेर नळावर जाऊन चूळ भरून आलो, जणू ते माझ्याच तोंडात होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सुनीताला आणि मला बोलावलं. तपासणीत प्रत्येक मशीनच्या मेमरीतल्या ज्या ज्या जागा खराब निघाल्या होत्या, त्यांचे पत्ते त्यांच्याकडे होते. मशीन चालू होताना कर्नेलला जी एक ओळ वाचायला मिळते, त्या ओळीत ते पत्ते घालायचे. कर्नेलला सांगायचं की फर्मवेअर काहीही म्हणो, ही जागा राखीव धर. आम्ही वाचत होतो, त्या टाइप करत होत्या. प्रत्येक कीबोर्ड आधी पुसून.

"फर्मवेअर म्हणतं मोकळं. मी म्हणते राखीव. मग?"

"कडक ते खरं," सुनीता म्हणाली.

"हौ."

संध्याकाळपर्यंत सगळ्या मशीन सुरळीत चालायला लागल्या. एकही पडेना. आम्हाला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"खुश नका होऊ. हे औषध नाही. जखमेवर दुपट्टा टाकलाय, माशी बसू नये म्हणून. ही गोष्ट मशीनला माहीत नाही. फक्त ह्या एका ओळीला माहीत आहे. उद्या कुणी जुनी सिस्टिम पुसून नवी टाकली की परत तेच."

म्हणून त्यांनी प्रत्येक डब्यावर कागद चिकटवला: मेमरी खराब आहे, नवी सिस्टिम टाकण्याआधी काझी यांना विचारणे.

"परीक्षा झाली की मी ह्या ओळी काढून टाकणार," त्या म्हणाल्या. "मशीन पडू देत. मग बघू कोण म्हणतं चालतात."

परीक्षा उत्तम झाली. लातूरचे सर खूश होते. सुनीताचा प्रोग्रॅम बघून त्यांनी दोनदा "वा" म्हटलं. शेवटी ते टेबलाशी बसले, मार्कांचा कागद समोर उघडा, पेनचं टोपण अजून काढायचं होतं. आम्ही सगळे भिंतीशी उभे होतो. तेवढ्यात कदम सर आत आले. हातात दुसरा कागद.

"काय सर, मशीन चालल्या ना नीट? काही त्रास?"

"छे, छे. फारच छान."

"ऐकलं का मॅडम? आता बाहेरचे सर पण म्हणून राहिले." त्यांनी कागद मॅडमपुढे ठेवला आणि खिशातलं पेन काढून वर ठेवलं. "करून टाका."

मॅडमनी मान वर केली. खराब मेमरी आहे, मीच तात्पुरती झाकली आहे, असं त्या तिथे बोलल्या असत्या तर परीक्षा कशावर झाली हा प्रश्न आला असता, आणि मार्कांचा कागद तसाच उघडा राहिला असता. हे कदम सरांनी मोजून ठेवलं होतं. मॅडमनी भिंतीकडे बघितलं. सुनीता आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ते पेन मी अजून विसरलो नाही. टोपणाचं टोक चावून चावून पांढरं पडलेलं, आणि त्यावर ओलसर लाल डाग. मॅडम कुणाचंही पेन घेत नसत; फी भरायच्या खिडकीवरसुद्धा स्वतःचं काढायच्या. त्यांनी ते उचललं. सही केली. पेन परत दिलं. हात पुसला नाही.

लातूरच्या सरांनी मार्कांवर सही केली.

त्यानंतर मॅडमनी त्या ओळी काढल्या नाहीत. आता काढल्या असत्या तर आपणच सही केलेल्या मशीन आपणच पाडल्या असा अर्थ झाला असता. लेखी परीक्षेआधीच्या पुढच्या तासाला त्या लॅबमध्ये आल्या आणि सरळ खुर्चीवर बसल्या. समोरचा कीबोर्ड काळा होता. सुनीताने स्वतःच्या बॅगेतून कापूस काढला.

"मॅडम, पुसू का?"

"राहू दे."

कॉलेजात ती बाटली मला पुन्हा दिसली नाही. त्या जिना मधोमधच चढायच्या की कडेने, ते बघायचं मी टाळलं.

उन्हाळ्यात तपासणीची समिती येणार म्हणून डब्यांवरचे कागद ब्लेडने खरवडून काढले; घाण दिसतं, असं कदम सर म्हणाले होते. नव्या बॅचसाठी अध्यक्षांच्या भाच्याच्या माणसाने येऊन सगळ्या मशीनवर नवी सिस्टिम टाकली. ती एक ओळ गेली. मशीन परत पडायला लागल्या. या वेळी ओरड वरपर्यंत गेली, आणि वरून एकच प्रश्न खाली आला: सही कुणाची?

जूनमध्ये मॅडमची ऑर्डर निघाली नाही.

मी टीसी घ्यायला गेलो होतो तेव्हा कदम सर दाराशी उभं राहून कुणाला तरी सांगत होते, "मीच म्हणलं होतं त्यांना, मॅडम, नीट तपासून सही करा. पण बाईंना घाई." मी तिथेच उभा होतो. त्यांनी मला बघून मान हलवली, बरा आहेस ना, अशी. मी नमस्कार केला नाही. एवढंच माझ्याच्याने झालं, आणि ते फार झालं असं मी म्हणत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीला अकरावीच्या क्लासला घालायला लातूरला गेलो. लातुरात गल्लोगल्ली क्लास. एका क्लासच्या दारात चपलांचा ढीग होता आणि त्या ढिगाला वळसा घालून, दुपट्टा गोळा करून कुणीतरी आत जात होतं. मी मागूनच ओळखलं.

"काय करून राहिलास तू इथे?" मॅडमनी विचारलं. मग बहिणीकडे बघितलं. "ही कोण?"

"बहीण. हिला कॉम्प्युटर घ्यायचंय."

"कुठली तू, असं नाही विचारणार," त्या तिला म्हणाल्या. "नाव काय तुझं?"

तिने नाव सांगितलं. मॅडम तासाला जायच्या घाईत होत्या. मला वाटलं, आता विचारलं नाही तर राहूनच जाईल.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही सही केलीत. मला नेहमी वाटतं, आमच्यासाठी…"

"तुला बरं वाटेल असं सांगू, का खरं सांगू?"

"खरं."

"घाण वाटली. अजून वाटते. तुमच्यासाठी केली म्हणून ती घाण कमी नाही झाली. लोकांना वाटतं, कमी होते, पण नाही होत." त्या थांबल्या. "परत वेळ आली तर परत करेन. आणि परत तेवढीच घाण वाटेल. सुनीता काय करते?"

"हैदराबादला, मॅडम. नोकरी लागली. भाऊ आता तिच्याकडे जाऊन राहतात सुट्टीत."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

बहिणीचा फॉर्म भरून होईपर्यंत मी खिडकीशी उभा राहिलो. आत लांबच लांब बाकं, पोरं दाटीवाटीने बसलेली, पार मागे भिंतीपर्यंत. आधीचे सर तास संपवून टेबलावर माइक ठेवून गेले होते. दिवसभर किती जणांच्या तोंडाशी तो माइक गेला असेल कुणास ठाऊक. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नाकाची एक बाजू वर गेली. ओठ आत ओढले गेले.

काचेमुळे आवाज ऐकू आला नाही. त्यांनी पर्समध्ये हात घातला, बाटली काढली, कापसाचा बोळा ओला केला आणि माइकची जाळी गोल गोल पुसायला लागल्या, अजिबात घाई न करता, सगळा वर्ग बघत असताना.